यंत्राचा नफा आणि माणसाचा वाटा : गिरणीपासून चालकरहित ट्रकपर्यंत

‘सारथी’ या शब्दाला आपल्या परंपरेत दोन टोके आहेत. एका टोकाला अर्जुनाचा रथ हाकणारा श्रीकृष्ण आहे, तर दुसऱ्या टोकाला सूत अधिरथाच्या घरी वाढल्यामुळे आयुष्यभर ‘सूतपुत्र’ म्हणून हिणवला गेलेला कर्ण. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांचा जन्म १९४० साली आजऱ्यात झाला, आणि त्यांच्या कादंबरीने १९६७ साली या दुसऱ्या टोकाची वेदना मराठी वाचकाच्या घरोघरी पोचवली. घोडे हाकण्याचे कौशल्य दोन्हीकडे तेच. प्रतिष्ठा मात्र कौशल्यावर ठरली नाही. आज वाहन हाकणारा माणूसच वाहनातून वजा करण्याची भाषा सुरू झाली आहे. अशा वेळी हे जुने वास्तव पुन्हा आठवावे लागते.

एप्रिल २०२५ च्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस आणि ह्यूस्टन या शहरांदरम्यान ऑरोरा या कंपनीने चालकाविना मालवाहू ट्रक चालवण्यास आरंभ केला. काही आठवड्यांतच, ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून, चालकाच्या आसनावर पुन्हा एक माणूस बसवण्यात आला. पण गाडी हाकणे हे त्याचे काम नव्हते. आपल्याकडे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे, चालकांचा रोजगार जाईल म्हणून चालकरहित मोटारी देशात येऊ देणार नाही, अशी भूमिका मांडली. एकीकडे वाहतूक स्वस्त होईल, अपघात कमी होतील, ग्राहकाचे हित साधेल, असा दावा. दुसरीकडे कामगार देशोधडीला लागेल, ही भीती. या दोन बाजूंमध्ये जणू ‘ग्राहक’ आणि ‘कामगार’ ही दोन निराळी माणसे आहेत, असे गृहीत धरलेले दिसते. आजऱ्यासारख्या तालुक्याचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला की हे गृहीतक टिकत नाही. त्या इतिहासाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम रस्त्याविषयी. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोलीमार्गे बांद्याकडे उतरणारा रस्ता घाटमाथा आणि कोकण यांना जोडतो. मोटार येण्यापूर्वी या साऱ्या घाटपट्ट्यातून माल जाई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. धान्य खाली जाई. मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. गाडीरस्ते झाले तसे पाठीवरच्या ओझ्याची जागा बैलगाडीने घेतली. पुढे १८८८ च्या सुमारास मार्मागोव्याच्या बंदराला रेल्वे जोडली गेली आणि घाटावरचा व्यापार तिकडे वळला. वेंगुर्ल्याच्या बंदराची भरभराट ओसरू लागली. विसाव्या शतकात ट्रक आला आणि लांब पल्ल्याची मालवाहू बैलगाडी मागे पडली.

म्हणजे ज्याच्या रोजगाराची आज चिंता वाहिली जाते तो ट्रकचालक स्वतःच कुणाची तरी जागा घेऊन आलेला आहे. त्याच्याआधी गाडीवान होता, गाडीवानाच्या आधी लमाण होता. प्रत्येक बदलात माल स्वस्त झाला, मीठ आणि कापड दूरच्या वाडीपर्यंत पोचले, दुष्काळात धान्य हलवणे सोपे झाले. ग्राहकाचा हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. पण लमाणांचे काय झाले? रस्ते आणि रेल्वे यांनी ज्यांचा वाहतुकीचा धंदा बुडवला त्या समाजाला पर्यायी उपजीविका देण्याची जबाबदारी कुणीही घेतली नाही. उलट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत पुढे काही प्रांतांत त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसला. धंदा काढून घ्यायचा आणि मग भटकतात म्हणून संशय घ्यायचा, असा हा न्याय होता. एका तंत्राने झालेला लाभ सर्वांत विरळ वाटला गेला आणि तोटा एका समाजाच्या माथी साठला. पुढच्या साऱ्या कथेचे सूत्र येथेच दिसते.

२

मात्र आजरा तालुक्याचा यंत्राशी खरा, दीर्घ आणि घरगुती संबंध आला तो रस्त्यावर नव्हे, तर मुंबईच्या गिरण्यांत. आजरा, भुदरगड, गडहिंग्लज, चंदगड या डोंगराळ भागातील शेती पावसावर आणि तुकड्या-तुकड्यांत विभागलेली. घरातला एक हात मुंबईला पाठवल्याशिवाय वर्ष निघत नसे. कावसजी दावर यांची ताडदेव येथील गिरणी १८५६ साली सुरू झाली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांनी गिरणगाव उभे केले. गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली, खानावळ, महिन्याची मनीऑर्डर आणि सुगीला किंवा गणपतीला गावी येणे, अशी ती व्यवस्था होती. गावच्या मातीत घनसाळ पिकत असे, पण खत, औषध, लग्न आणि शाळेची फी यांचा पैसा लालबाग-परळहून येई.

या ठिकाणी एक विसंगती नोंदवली पाहिजे. मुंबईच्या गिरणीने गावोगावच्या साळी-कोष्ट्यांच्या हातमागाचे काम हिरावले. त्याच गिरणीने डोंगरी शेतकऱ्याच्या मुलाला काम दिले. यंत्र एकाचे घेऊन दुसऱ्याला देत होते, आणि देणारा-घेणारा एकमेकांना ओळखतही नव्हते. म्हणून ‘यंत्र कामगाराच्या हिताचे की अहिताचे’ हा प्रश्न सरसकट विचारला तर उत्तर मिळत नाही. कोणत्या कामगाराच्या, कोणत्या वर्षी आणि कोणत्या अटींवर, हे विचारावे लागते.

अटींचे महत्त्व विजेच्या दिव्याने फार लवकर दाखवून दिले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली होती. पण रोजच्या कामाचे तास बव्हंशी सूर्यप्रकाशावर अवलंबून होते. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, कापडाला मागणी होती, आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. दिवा हे निरुपद्रवी, किंबहुना हितकारक साधन. त्याने डोळ्यांचा ताण कमी करायला हवा होता. प्रत्यक्षात त्याने रात्र कामाला जुंपली. चौकशी होऊन १९११ च्या कारखाने कायद्याने प्रौढ पुरुषांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, तेव्हा कोठे तो दिवा आटोक्यात आला. दिव्यात दोष नव्हता. तो कुणाच्या हाती आणि कोणत्या मर्यादेत आहे, हे ठरलेले नव्हते.

३

या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप १९२८ साली दिसले. जपानी कापडाच्या स्पर्धेने मुंबईच्या गिरण्या अडचणीत होत्या. उपाय म्हणून ‘सुसूत्रीकरण’ पुढे आले. सासून समूहाच्या गिरण्यांनी पुढाकार घेतला : विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, कताई खात्यातील कामगाराने रिंग फ्रेमच्या एका बाजूऐवजी दोन बाजू पाहायच्या. जो कामावर राहील त्याची मजुरी थोडी वाढणार होती. पण माणसे कमी लागणार होती. मालकांचा युक्तिवाद आजच्या कानांना परका वाटणार नाही : उत्पादन वाढेल, कापड स्वस्त होईल, धंदा टिकेल, आणि धंदा टिकला तरच कामगार टिकेल.

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सुमारे सहा महिने संप चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. याच संपात अर्जुन आत्माराम आळवे, श्रीपाद अमृत डांगे आदींच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मवाळ बाजूस नारायण मल्हार जोशी यांची संघटना होती. कामगारांचा आक्षेप यंत्र या वस्तूला नव्हता. निकृष्ट कापूस वापरला तर धागा वारंवार तुटतो, आणि धागा तुटत असताना तीन साचे सांभाळणे म्हणजे एका माणसाच्या अंगावर दीड माणसाचे काम घालणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तांत्रिक तथ्य होते, आणि ते साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाइतके अन्य कुणाला कळणे शक्य नव्हते.

सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९२९ साली सुसूत्रीकरणाची योजना मुख्यतः रास्त ठरवली. परंतु त्यामुळे ज्यांचे काम जाईल त्यांना काही रक्कम मिळावी, अशी तरतूदही सुचवली. नव्या यंत्रव्यवस्थेच्या लाभातून विस्थापिताला वाटा देण्याचा हा विचार शतकापूर्वीचा आहे, हे आज विसरले गेले आहे. ती शिफारस गिरणगावाच्या जगण्यात मात्र उतरली नाही. १९३४ साली पुन्हा संप झाला, आणि पुन्हा मजुरीतील कपात व सुसूत्रीकरण हेच वादाचे विषय होते.

४

१९२८ च्या संपाचा आणखी एक पदर आहे. विणाई खात्यात मजुरी चांगली होती. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून सवर्ण विणकर त्यांना बरोबर घेत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या काळात नेत्यांपुढे मांडला. साच्यांची संख्या दोन असावी की तीन, यावर कामगारवर्ग एक होता. त्या साच्यापाशी कोण उभा राहू शकतो, यावर तो एक नव्हता. यंत्राला जात नसते, पण यंत्राभोवतीच्या माणसांना ती असते.

स्त्रियांची कथा याहून शांतपणे घडली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक स्त्री होती, आणि त्या मुख्यतः रिळिंग-वाइंडिंगच्या खात्यांत होत्या. जलद वाइंडिंगची यंत्रे आली, रात्रपाळीत स्त्रियांना मनाई असल्यामुळे पाळ्या वाढल्या तसा त्यांचा उपयोग मालकांना कमी वाटू लागला, बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाल्यावर तो खर्चही टाळावासा वाटू लागला. पुढच्या दशकांत त्यांचे प्रमाण घसरतच गेले. त्यासाठी कोणताही मोठा संप झाल्याचे इतिहास सांगत नाही. ‘कामगारांना लाभ होतो का’ असे विचारताना हा ‘कामगार’ एकजिनसी नाही, एवढे तरी यावरून शिकले पाहिजे.

आंबेडकरांचा यंत्राविषयीचा विचार या संदर्भात फार मोलाचा आहे. गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली होती. आंबेडकरांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधीविषयक ग्रंथात तिचा प्रतिवाद केला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : पशूसारख्या कष्टातून सुटका आणि संस्कृतीसाठी लागणारी फुरसत यंत्राविना मिळणार नाही, यंत्राचे दुष्परिणाम दिसतात ते खाजगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेमुळे, म्हणून मोडायची तर ती रचना मोडावी, यंत्र नव्हे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतच आली त्यांच्या प्रतिनिधीने हे म्हणावे, याला अर्थ आहे. कष्टाचे सौंदर्य बहुधा कष्ट न करणाऱ्यालाच दिसते.

५

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेला नाही, विरत गेला. आजरा-चंदगडच्या गावांत त्या वर्षी परतलेली माणसे पुढे कायमची परतलेली ठरली. या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट पाहू.

संपाच्या काळात बाजारातून कापड नाहीसे झाले नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग ते विणत होते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली सुरू केला, तोही जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाच्या काळात. आणि आजरा महाल हा त्याच इचलकरंजी जहागिरीचा भाग होता! एकाच जहागिरीच्या सपाट टोकाला माग आले, डोंगरी टोकाची माणसे मुंबईच्या मागांवर गेली. आणि पाऊणशे वर्षांनी पहिल्याने दुसऱ्याचे काम घेतले.

येथे नीट पाहिले पाहिजे. यंत्रमाग हे गिरणीतील मागापेक्षा प्रगत यंत्र नव्हते. बहुधा ते जुन्याच घडणीचे, कित्येकदा वापरून झालेले माग असत. फरक होता तो भोवतीच्या व्यवस्थेत : लहान शेड, बारा तासांची पाळी, कागदावर विभागलेली मालकी, कायद्याच्या कक्षेबाहेरचा कामगार. गिरणी कामगाराला हरवले ते यंत्राने नव्हे. त्याच यंत्रावर कमी हक्कांनिशी काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाने. ‘नवे तंत्र आले म्हणून रोजगार गेला’ हे वाक्य पुष्कळदा अशा बदलांवर पांघरूण घालते. पुढे गिरण्यांच्या जमिनींचे मोल कापडापेक्षा वाढले, १९९१ च्या विकास नियमावलीने त्यांच्या विक्रीची वाट मोकळी केली, आणि धुराड्यांच्या जागी मॉल उभे राहिले. घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघायला २०१२ साल उजाडले. तोवर अर्जदारांपैकी कित्येकांच्या जागी त्यांचे वारस रांगेत उभे होते.

आणि ग्राहक? आजऱ्याच्या आठवडी बाजारात स्वस्त सुती-टेरिकॉटचे कापड घेणारी स्त्री ही त्याच संपकऱ्याची पत्नी होती. साडी स्वस्त झाली हे खरे. मनीऑर्डर बंद झाली हेही खरे. एकाच घराच्या एका हातात लाभ आणि दुसऱ्या हातात तोटा होता, आणि दोहोंची बेरीज वजाच होती. ग्राहक आणि कामगार यांना वेगळे काढून हिशेब मांडणारा अर्थशास्त्रज्ञ या घराची वही कधी पाहत नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने १९९७ साली ती वही मुंबईच्या बाजूने उघडली, गावाच्या बाजूचे पान मराठी साहित्यात अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

६

आता पुन्हा ट्रककडे वळू. ट्रकचालकाचे आजचे जीवन रम्य नाही. रात्रीचे जागरण, महिनोन्‌महिने घराबाहेर, उष्णतेने तापलेली केबिन. चालकाच्या केबिनमध्ये वातानुकूलन असावे, हा नियमही नव्या मालवाहू वाहनांना १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. थकलेल्या डोळ्यांच्या जागी न थकणारे यंत्र आले तर यांतील काही जीव वाचतील, ही शक्यता झिडकारणे अमानुषपणाचे ठरेल. ‘चालकाचा रोजगार वाचवा’ याचा अर्थ ‘त्याला याच हालांत ठेवा’ असा होत असेल, तर ती करुणा नव्हे.

पण म्हणून बाजाराच्या भरवशावर सारे सोडावे, असेही इतिहास सांगत नाही. यंत्राच्या लाभाची वाटणी कशी करावी, याचे दाखले आपल्याच कागदपत्रांत आहेत. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि संघटना यांनी सुसूत्रीकरणाच्या तीन अटी मान्य केल्या : कामावर असलेल्यांची कपात होऊ नये व त्यांची मिळकत घटू नये, लाभाची न्याय्य वाटणी समाज, मालक आणि कामगार यांच्यात व्हावी, कामाचा बोजा दोन्ही पक्षांना मान्य तज्ज्ञांनी ठरवावा. येथे ‘समाज’ म्हणजेच ग्राहक. आज जो प्रश्न नवा म्हणून मांडला जातो त्याचे सूत्र सत्तर वर्षांपूर्वी एका वाक्यात लिहिले गेले होते. यंत्रसुधारणेमुळे कपात होणार असेल तर एकवीस दिवसांची पूर्वसूचना देण्याचे बंधन औद्योगिक विवाद कायद्यात होते; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही पूर्वसूचनेचे कलम आहे. अडचण अशी की, ट्रकचालक या चौकटीत क्वचितच बसतो. देशातील बहुतेक ट्रक लहान मालकांचे. चालकाजवळ नेमणुकीचा कागद नसतो. ज्याची नेमणूकच कागदावर नाही त्याच्या कपातीची नोटीस कोण आणि कुणाला देणार?

या अडचणीवरही एक मराठी उत्तर आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने असाच प्रश्न सोडवला. हमालाचा मालक रोज बदलतो. म्हणून नोंद मंडळाकडे ठेवली, आणि माल ज्याचा त्याच्याकडून मजुरीवर लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची सोय केली. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही, ही त्यातील खरी प्रतिभा. चालकांची अशी नोंद आजच सुरू करता येईल. आणि उद्या माणसाविना माल वाहिला गेलाच, तर त्या वाहतुकीवर लेव्ही बसवून नोंदलेल्या चालकाचे निवृत्तिवेतन, नवे शिक्षण किंवा गावाकडचा धंदा यांना आधार देता येईल. ग्राहकाला स्वस्ताई थोडी कमी मिळेल. पण तो ग्राहक कुणाचा तरी भाऊ, मुलगा किंवा पत्नी असतो, हे आपण पाहिले आहे.

बंदी घातली की प्रश्न सुटला, असे मानण्यात धोका आहे. बंदी हा वेळ मिळवण्याचा उपाय आहे. तो वेळ कशासाठी वापरायचा हे ठरले नाही, तर बंदी उठेल त्या दिवशी चालक तितकाच एकाकी असेल जितका १९८२ चा विणकर होता. फॉसेट समितीची शिफारस यंत्रणा बदलू लागल्यावर आली, घरांची सोडत गिरण्या गेल्यावर आली. आपल्याकडे न्याय आलाच तर तो नेहमी उशिरा आला. या वेळी बदल यायचा आहे आणि करार लिहायला अवकाश आहे, एवढीच आपल्या पिढीला मिळालेली सवलत आहे.

चालकरहित ट्रक आंबोलीच्या धुक्यातून आणि वळणांतून कधी धावेल, हे भाकीत करणे आमचे काम नाही. परंतु या तालुक्यातील कितीतरी तरुण आज चालकाचा परवाना हाच आपला पहिला दाखला समजतात. त्यांच्या आजोबांनी साचा सोडताना हाती काही लिहिलेले नव्हते. नातवांच्या हाती ते असावे, आणि ते ट्रक येण्याआधी असावे.